मदत हवी आहे : एकाच सिलिंडरचा हीटर प्लग सारखा जळतो

मंडळी, गोव्यात फोंड्याला राहतो. जुनी चार सिलिंडरची डिझेल गाडी आहे. तिसऱ्या सिलिंडरचा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना ज्वलनकक्ष तापवणारा) वारंवार जातो, बाकीचे तीन मात्र ठणठणीत. काढून पाहिला तर टोक वितळल्यासारखं, एका बाजूने खाल्लेलं. मल्टिमीटरवर चांगले प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतात, हा पूर्ण ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली.

मेकॅनिक म्हणतो, खारी हवा. मला पटत नाही. हवेने टर्मिनल गंजेल, ज्वलनकक्षातलं टोक कसं वितळेल? आणि आपल्याकडे डिसेंबरातही थंडी ती केवढी, की प्लगला फार वेळ तापावं लागेल!

प्लगना वीज देणारा रिले (स्विच) चालू स्थितीत अडकून राहिला असता तर चारही प्लग जळाले असते, असा माझा अंदाज. तरी गाडी चालू झाल्यावर प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज तपासलं. थोड्या वेळाने शून्यावर येतं. प्लग बारा व्होल्टच्या सिस्टीमचेच आहेत, कमी व्होल्टचे नाहीत.

आता संशय सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर. त्याचं नोझल (टोकाचं तोंड) फवाऱ्याऐवजी थेंब गाळत असेल का? सकाळी पांढरा धूर आणि थोडी खडखडही असते. तिसरा आणि दुसरा इंजेक्टर अदलाबदल करून पाहावं, की सरळ काढून टेस्ट बेंचवर प्रेशर आणि स्प्रे तपासून घ्यावा? फोंडा-मडगाव पट्ट्यात हे काम नीट करणारा पंपवाला (डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणारा) कुणाला ठाऊक असेल तर सांगा. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला हवेचा दाब) आधी बघावं का?