'फोनो' म्हणजे नक्की काय? (शब्दचर्चा)

मंद्रसप्तक : वडिलांच्या एलपी ऐकायला टर्नटेबल घेतला. अ‍ॅम्प्लिफायर नवा, डिजिटल. मागे यूएसबी, ऑप्टिकल आणि एकुलता एक ऑक्स, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायची साधी जागा. ऑक्सला जोडला तर आवाज बारीक, चिरका, तबल्याचा बायाँ गायब. दुकानदार म्हणतो, "फोनो नाही ना त्याला." पण सोबत आलेल्या वायरीच्या पाकिटावर चक्क 'फोनो केबल' छापलंय! आणि आमचे आजोबा तर अख्ख्या ग्रामोफोनलाच फोनो म्हणायचे. मग फोनो म्हणजे यंत्र, वायर की तिसरंच काही? मराठीत काय म्हणावं?

जुनाबाजार : तिन्ही. आजोबांचा फोनो म्हणजे फोनोग्राफचं आखूड रूप. वायरीचा फोनो म्हणजे आपली लाल-पांढरी आरसीए पिन. फोनोग्राफ रेडिओला जोडायला आरसीए कंपनीने ती आणली, म्हणून ब्रिटनमध्ये तिला आजही फोनो म्हणतात. त्याच वायरीतून डीव्हीडीचा आवाजही जातो, त्यामुळे पाकिटावर जाऊ नका. दुकानदाराचा फोनो वेगळा, तो अ‍ॅम्पच्या आतला, तबकडीसाठीचा भाग.

कातळवाट : त्या आतल्याबद्दल. तबकडीत चर कापताना खर्ज मुद्दाम दाबतात. तसाच ठेवला तर चर इतका हेलकावे घेईल की एका बाजूत गाणी मावायची नाहीत. टिपेचे सूर उलट वाढवतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की सुईची खरखरही सोबत खाली जाते. वाजवताना हे सगळं उलट फिरवावं लागतं. 1000 हर्ट्झ मधोमध धरलं, तर 20 हर्ट्झला सुमारे 20 डेसिबल वर आणि 20,000 ला तेवढंच खाली. 1954 पासून याचं प्रमाण आरआयएए (अमेरिकेतली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) या नावाने ठरलंय. शिवाय साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघतात जेमतेम 5 मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर 2 व्होल्ट देतो. म्हणजे 400 पट! ऑक्सला सवय 2 व्होल्टची. हे उलट फिरवणं आणि ही वाढ, दोन्ही करतो तो हा आतला फोनो.

मी याला भरपाई म्हणतो. कापताना जे घेतलं ते वाजवताना परत.

शुद्धलेखक : इक्वलायझेशनला 'समकरण' अधिक नेमका नाही का?

कातळवाट : असेल. दुकानात 'समकरण द्या' म्हणून बघा. भरपाईत निदान काय चाललंय ते तरी कळतं.

जुनाबाजार : भरपाईला माझं मत. पण विकत घेताना 'फोनो प्रीअ‍ॅम्प'च मागा, छोटी डबी मिळते. टर्नटेबलच्या मागे 'फोनो/लाइन' असं बटण आहे का, तेही आधी बघा. असेल तर डबी आतच आहे. 'लाइन'वर टाका आणि पैसे वाचवा.

मंद्रसप्तक : आहे! चिमुकलं, वायरींच्या मागे लपलेलं. 'लाइन'वर टाकलं, बायाँ परतला. _/\_ आता दुसरा प्रश्न. आजोबांच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) प्लेटी आहेत. हे 'विनाइल' यावरच वाजेल?

जुनाबाजार : त्यांना विनाइल म्हणू नका हो, ते एलपीचं प्लास्टिक. हल्ली काळं आणि गोल दिसलं की सगळं विनाइल. 78 च्या प्लेटी बहुतेक लाखेच्या, म्हणजे शेलॅकच्या. सुतार पॉलिशला वापरतात तीच चपडी लाख, भुकटी वगैरे घालून. पॉलिशवाला ती स्पिरिटमध्ये विरघळवतो, तेव्हा स्पिरिटच्या बोळ्याने या प्लेटी पुसाल तर चर धुऊन निघेल. एलपीचे क्लीनर लावण्याआधी त्यात अल्कोहोल आहे का ते वाचा.

आणि तीच सुई नको. 78 चा चर रुंद. त्याला साधारण 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची 1 मिल किंवा त्याहून बारीक, ती चराच्या तळाशी घासत बसते.

कातळवाट : भरपाईही तीच नको. 1954 च्या आधी ज्या त्या कंपनीचा हिशेब वेगळा होता. खूप जुन्या प्लेटींत टीप फारशी वाढवलेलीच नसते, आरआयएए मात्र ती हमखास कापतं, म्हणून गाणारा रजईतून गातोय असं वाटतं. इथे तुमचा डिजिटल संच कामाला येईल. भरपाई न करता सरळ संगणकावर उतरवून घ्या, मग सॉफ्टवेअरमध्ये भरपाईचे वेगवेगळे वक्र लावून कानाला पटेल तो ठेवा.

शुद्धलेखक : 'प्लेटी' की 'प्लेट्स'?

जुनाबाजार : आमच्याकडे प्लेटीच.