दहावीच्या ऑनलाइन भूमितीसाठी स्क्रीन शेअर नको, आवाज आणि रेघा पुरे

खडूफळा
रेंज कमी असलेल्या गावांतल्या वर्गांत स्क्रीन शेअर बंदच करावं, असं माझं ठाम मत आहे. शेअर केलेली स्क्रीन म्हणजे व्हिडिओ. एका मुलाकडे पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळाली की त्याचं ॲप पूर्ण चित्र नव्याने मागतं, ते सगळ्यांनाच जातं आणि त्या झटक्यात आवाज तुटतो. ओपस कोडेकवर (आवाज दाबून पाठवायची पद्धत) बोलणं २४ केबीपीएसमध्ये (सेकंदाला किलोबिट) स्वच्छ ऐकू येतं. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांचे हेडर (प्रत्येकावरचा पत्ता वगैरे) धरून तासाला साधारण १८ एमबी. फळ्यावरची रेघ चित्र म्हणून न पाठवता बिंदूंचे आकडे म्हणून पाठवली तर डेटा नगण्य लागतो.

रेघ
आणि आवाजाशी मेळ? रेघा बहुधा टीसीपीवरून जातात, म्हणजे हरवलेलं पुन्हा मागवणाऱ्या पद्धतीने. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी अडतात. आवाज यूडीपीवरून, हरवलेलं सोडून पुढे जातो. बाई "हा कोन बघा" म्हणतात आणि कोन उमटतो दोन सेकंदांनी. स्क्रीन शेअर सेकंदाला ५ फ्रेमवर (चित्रांवर) ठेवा, रिझोल्यूशन कमी होऊ देऊ नका. न हलणाऱ्या पानाला फार डेटा लागत नाही.

तारवाला
दोन्ही नको. पीडीएफ आदल्या रात्री पाठवा, वर्ग साध्या कॉन्फरन्स कॉलवर घ्या. पानांना मोठे क्रमांक हवेत. फक्त फोनला व्होल्टीई (फोरजीवरूनच कॉल करायची सोय) आहे का ते आधी तपासा. नसेल तर कॉल टूजीवर जाऊ शकतो. टूजीवर कॉल चालू असताना डेटा थांबतो, वर्गाच्या मधेच पाठवलेली आकृती पोचतच नाही.

खडूफळा
@रेघ, आकृतीतल्या बिंदूंना आधीच नावं द्या. "हा कोन" न म्हणता "कोन पबक" म्हणा, रेघ उशिरा आली तरी बिघडत नाही. पॅकेट ६० मिलिसेकंदांची केली तर हेडरचा भार १६ केबीपीएसवरून पाचेकवर येतो. मात्र एक पॅकेट गळालं की अख्खं व्यंजन जाऊ शकतं, म्हणून ओपसची चूक-दुरुस्ती (गळालेला आवाज पुढच्या पॅकेटातून भरून काढणारी) चालू ठेवा.

रेघ
नावं प्रमेयात चालतील, रचनेत नाही. कोन दुभागताना ब पासून सारख्या अंतरावरच्या प आणि क वरून सारखेच चाप मारले की छेदनबिंदू मिळतो. त्याला नाव पडतं ते चाप मारून झाल्यावर. कंपास कुठे टेकवला, किती उघडला, हेच तर मुलांना दिसायला हवं!

खडूफळा
रचनेपुरतं मान्य. तिथे प्रत्येक रेघेला वेळेचा शिक्का लावा आणि मुलांच्या फोनवर आवाज अर्धा सेकंद रोखून धरा. प्रश्नोत्तरं सुरू झाली की हा उशीर काढून टाका, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागतात.