त्रिकोण सरकवताना बिंदूत +४, पण रेषेच्या समीकरणात −४. असं का?

कंपासपेटी:
त्रिकोण अबक दिलाय: अ(−३, १), ब(१, ४), क(२, −२). तो ४ एकक उजवीकडे आणि ३ एकक खाली सरकवायचा. माझं उत्तर अ′(१, −२), ब′(५, १), क′(६, १). काढून पाहिलं तर त्रिकोण पार चपटा होतो.

दुसरी अडचण बाजू अबची. तिचं समीकरण ३क्ष − ४य + १३ = ०. त्यात क्षच्या जागी क्ष + ४ आणि यच्या जागी य − ३ घातलं. ३क्ष − ४य + ३७ = ० आलं, पण अ′ त्यात बसत नाही. नियम तर तोच वापरला, मग बिनसलं कुठे?

आलेखकागद:
चपटेपणा क′ मुळे. क चा य-निर्देशक −२, खाली ३ म्हणजे −२ − ३ = −५. तुम्ही −२ + ३ केलंत. ऋण संख्या दिसली की हात आपोआप चिन्ह फिरवतो, ही नेहमीची चूक. मूळ निर्देशक धन की ऋण हे बघायचंच नाही, तिन्ही बिंदूंत सरसकट (४, −३) मिळवायचे. म्हणून क′(६, −५).

लांबीनेही हे पकडता आलं असतं: बक = √(१² + ६²) = √३७, तुमची ब′क′ मात्र १ भरते. आणि कागदावर सरकवताना चौकटी मोजा, रेघा नव्हे. सुरुवातीची रेघ ‘एक’ धरली की बिंदू एक घर मागे पडतो.

चढ_तीन_चतुर्थांश:
समीकरणाचं सांगतो, खरी गंमत तिथेच आहे. समीकरण ही सरकवायची वस्तू नव्हे, ती बिंदूची परीक्षा आहे: हा बिंदू रेषेवर आहे की नाही? आता नव्या रेषेवरचा कुठलाही (क्ष, य) घ्या. सरकण्याआधी तो कुठे होता? ४ डावीकडे, ३ वर, म्हणजे (क्ष − ४, य + ३) पाशी. जुनं समीकरण फक्त जुन्या जागा ओळखतं, म्हणून त्यात ही जुनी जागा घालायची:

३(क्ष − ४) − ४(य + ३) + १३ = ०
३क्ष − ४य − ११ = ०

अ′ घाला: ३ + ८ − ११ = ०. ब′ घाला: १५ − ४ − ११ = ०. जमलं.

तुमची ३७ वाली रेषाही निरर्थक नाही. त्रिकोण उलट, म्हणजे ४ डावीकडे आणि ३ वर नेला तर अब तिथे जाते. (−७, ४) घालून बघा.

एवढी उलथापालथ नको असेल तर सोपी वाट: रेषेचा चढ, म्हणजे तिरकेपणा, ३/४ आहे आणि तो बदलत नाही, म्हणून ३ आणि −४ तसेच राहतात, बदलते ती फक्त स्थिर संख्या. ३क्ष − ४य मध्ये अ′ घातला की ११ येतात, संपलं.

कंपासपेटी:
आता कळलं. ताळ्यासाठी मध्यगासंपात बिंदू (तिन्ही शिरोबिंदूंच्या निर्देशकांची सरासरी) काढला तर पुरे का?

आलेखकागद:
बऱ्याचदा पुरतो. मूळ संपात (०, १), तो (४, −२) वर जायला हवा. तुमच्या चुकलेल्या क′ ने तो (४, ०) आला असता, म्हणजे चूक सापडली असती. पण अ′ चा क्ष-निर्देशक १ ने जास्त आणि ब′ चा १ ने कमी झाला, तर बेरीज तीच राहते आणि संपात गप्प बसतो. क्षेत्रफळावरही विसंबू नका. इथे ते १३.५ चौ. एकक आहे, पण त्रिकोण फिरवला किंवा आरशातला काढला तरी तेवढंच येतं.

त्यापेक्षा प्रतिमेतून, म्हणजे सरकलेल्या बिंदूतून, मूळ बिंदू वजा करा, तीन वेळा. तिन्ही वेळा (४, −३) आलं तरच बरोबर. वजाबाकीचा क्रम उलटा झाला तर (−४, ३) येईल, तेवढं सांभाळा.

चढ_तीन_चतुर्थांश:
एक भर. पट्टीने मोजून ताळा घेणार असाल तर दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच हवं. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकक घेतलं, तर मूळ आणि प्रतिमा एकमेकांशी जुळतील, पण बक पट्टीवर √३७ सेंमी, म्हणजे सुमारे ६.१ सेंमी, भरणार नाही. ती √१० सेंमी, सुमारे ३.२ सेंमी भरेल.