मदत हवी आहे: वीरगळांच्या नोंदी लावायच्या कशा?

नमस्कार मंडळी. सुट्टीच्या दिवशी वीरगळ (लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) आणि गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप म्हणून गाढवाचं शिल्प कोरलेले दगड) बघत फिरायचा नाद आहे. बोरिवलीतल्या एकसरच्या नौकायुद्धाच्या शिळांपासून अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखापर्यंत बरंच जमलंय. फोटो फोनमध्ये, मापं वहीत, झेरॉक्स पिशवीत (घरचे तिला रद्दीच म्हणतात). एक्सेलमध्ये भरायला बसलो, तर इसवी सन काढायला शके वर्षात 78 मिळवायचे राहिले आणि दोन शिलालेख भलत्याच शतकात गेले! त्याहून वाईट म्हणजे माझं निरीक्षण कुठलं आणि पुस्तकातून उतरवलेलं कुठलं, हेच आता कळेना.

गावानुसार लावू की काळानुसार? बहुतेक वीरगळांवर लेखच नसतो, त्यामुळे मला गावच बरं वाटतं. मराठी संदर्भांसाठी झोटेरो (संदर्भ नोंदवून ठेवायचं सॉफ्टवेअर) कुणी वापरलंय का? फोटो आणि नोंद एकत्र कशी ठेवता?