मदत हवी आहे : तेलाच्या धुराच्या इलेक्ट्रोस्टॅटिक फिल्टरमध्ये स्पार्किंग

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या मशीन शॉपमध्ये सीएनसी मशीनवरचा तेलाचा धूर खेचण्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक फिल्टर (तेलाच्या कणांना विद्युतभार देऊन ते प्लेटांवर ओढून घेणारा) बसवला आहे. पावसाळा लागल्यापासून प्लेटा धुऊन, दोन दिवस वाळवून बसवल्या तरी आत तडतड होते, पॉवर पॅक (फिल्टरला उच्च दाबाची वीज देणारा भाग) ट्रिप होतो आणि संध्याकाळपर्यंत कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात, हे मला पाहवत नाही. काल बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा आयोनायझरच्या (कणांना विद्युतभार देणाऱ्या भागाच्या) तारा ताठ होत्या, पण एका इन्सुलेटरवर केसाएवढी काळी रेघ दिसली. ते कार्बन ट्रॅकिंगच (पृष्ठभाग जळून वीज वाहू देणारी कार्बनची वाट) असावे, असे माझे मत आहे. असा इन्सुलेटर घासून चालतो की बदलावाच लागतो, आणि तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सुटा मिळेल का? कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या प्लेटांना खातो म्हणून आम्ही तो टाळतो. मग प्लेटांवरचे चिकट तेल काढण्यासाठी आपण काय वापरता?