प्रतिसाद : 'होल' म्हणजे नुसतं 'संपूर्ण' नाही

प्रश्न आला आहे की इंग्रजीतल्या 'होल' (whole) आणि 'ऑल' (all) यांत फरक काय, दोन्हींचा अर्थ 'सगळं'च ना? मला वाटतं 'होल'ला जवळचा शब्द 'अख्खा'. 'होल व्हिलेज' म्हणजे अख्खं गाव, एकच. 'ऑल व्हिलेजेस' म्हणजे सगळी गावं.

पण खरी गंमत मुळात आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'हाल' असा होता आणि त्याचा अर्थ धडधाकट, इजा न झालेला. 'हील' म्हणजे बरं करणं, 'हेल्थ' आणि 'होली' म्हणजे पवित्र, ही सगळी त्याच मुळाची. आधीचा डब्ल्यू तर पंधराव्या शतकाच्या सुमारास स्पेलिंगला चिकटला, म्हणून तो उच्चारात नाही.

मी भंडाऱ्याकडची, धानाच्या पट्ट्यातली. लग्नाच्या आदल्या दिवशी आई सूप घेऊन बसायची, कनकी म्हणजे तुटके तांदूळ बाजूला सारायची आणि फक्त अख्खे दाणे हळदी-कुंकवात घोळायची. तुटका दाणा दिसला की बोटाने टिपून काढायची. अक्षता म्हणजे अ-क्षत : ज्याला जखम नाही ते. इजा न झालेलं तेच पवित्र, हा विचार दोन्ही भाषांना सुचला याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाकी 'होलसेल' म्हणजे ठोक, 'ऑन द होल' म्हणजे एकंदरीत. आणि मुलांना एक जरूर सांगा : 'होल नंबर्स' म्हणजे पूर्ण संख्या, त्या शून्यापासून सुरू होतात.