सात वर्षांचा ऑल-इन-वन: दुरुस्त करावा की बदलावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो असून, २०१८ च्या दिवाळीत घरच्या वापरासाठी ऑल-इन-वन, म्हणजे पडदा आणि संगणक एकाच चौकटीत असलेला, संगणक घेतला. त्याचा पडदा साडेएकवीस इंची आहे, प्रोसेसर इंटेलचा आय-थ्री ७०२०यू आहे, रॅम ४ जीबी आणि हार्ड डिस्क १ टीबीची आहे. माझा वापर बेताचाच आहे. मराठीत लेखन करतो, वडिलोपार्जित मोडी कागदपत्रे स्कॅन करून जपतो, सातबारा उतरवून घेतो, वीजबिल भरतो आणि रविवारी मुलीशी व्हिडिओवर बोलतो.

गेल्या वर्षभरात यंत्र इतके मंदावले आहे की बटण दाबून चहा ठेवला, तर चहा आधी होतो. त्यातच विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ या यंत्रावर चालणार नाही, असा संदेश येतो. पडदा मात्र अजून निर्दोष आहे. एकही ठिपका मेलेला नाही. दुकानदार म्हणतो, हे काढून टाका आणि नवा ऑल-इन-वन घ्या. चांगला पडदा भंगारात जाणार म्हणून जीव खालीवर होतो. यावर खर्च करावा का, आणि नवे घ्यायचेच झाले तर पुन्हा याच जातीचे यंत्र घ्यावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

पेचकस

मी पंधरा वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आधी आतली गोष्ट सांगतो. खोक्यावर डेस्कटॉप असे छापलेले असले, तरी आपल्या यंत्राच्या पोटात लॅपटॉप आहे. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेला ‘यू’ कमी वीज खाणाऱ्या, लॅपटॉपसाठी केलेल्या चिपची खूण आहे. रॅमची पट्टीही लॅपटॉपची आखूड पट्टी असते आणि हार्ड डिस्क बहुधा अडीच इंची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते. मंदपणाचे मूळ बहुतेक वेळा या डिस्कमध्ये सापडते. संगणक सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून पाहा. प्रोसेसर निवांत असताना डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर दोषी कोण हे वेगळे सांगायला नको.

डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी आणि रॅम ८ जीबी करावी. ४ जीबीमध्ये आजचा ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र नांदत नाहीत. आपल्या कामाला ५०० जीबीची साधी साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी पुरेशी आहे आणि जुनी डिस्क बाहेरच्या डबीत घालून स्कॅनची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वापरता येईल, मात्र तिची प्रकृती तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. उघडण्याचे काम स्वतः करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. टॉवरची (पडद्यापासून वेगळ्या, उभ्या खोक्यातल्या संगणकाची) एक बाजू सरकवली की झाले, तसे इथे नसते; पडदा जाड सतरंजीवर पालथा ठेवून मागच्या झाकणाच्या क्लिपा एकेक करून सोडवाव्या लागतात आणि एखादी पिन चुकीच्या जागी दाबली गेली, तर आपण ज्याच्यासाठी हळहळता तो पडदाच तडकतो. उघडलेच आहे तर पंख्यातली धूळही काढून घ्यावी.

विंडोजचे म्हणाल तर संदेश खरा आहे. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि आपली सातवी आहे. पळवाटेने ते बसवून देणारे पुष्कळ भेटतील. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर मी तसे करत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना विंडोज १० ची वाढीव अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली आहेत. त्यासाठी नोंदणी करावी लागते. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरून पाहावी. त्यात देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालतो. लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, असेल तर ते जसेच्या तसे उघडेल, जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आताच विंडोजवर त्याचे रूपांतर करून ठेवावे.

तिसरा_मजला

पेचकस यांचे दुरुस्तीबद्दलचे म्हणणे मान्य आहे. मी फक्त दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. पुन्हा ऑल-इन-वन घेऊ नये. पडदा दहा-बारा वर्षे सहज टिकतो, तर संगणक पाच-सात वर्षांत मागे पडतो. या दोघांची गाठ एकाच चौकटीत मारली की एक मागे पडताच दुसऱ्याचेही आयुष्य कापले जाते. हे स्वस्त यंत्रांपुरतेच आहे असेही नाही. ॲपलच्या २७ इंची आयमॅकला २०१४ पासून ५१२० गुणिले २८८० बिंदूंचा पडदा होता. त्याआधीच्या काही आयमॅकना दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून केबलने जोडता येत असे, पण या पडद्याच्या यंत्रांत ती सोय राहिली नाही. त्यातले २०१७ चे मॉडेल मॅकओएसच्या १३ व्या आवृत्तीपाशी थांबले आणि त्याच्याबरोबर तो देखणा पडदाही थांबला.

आपल्या यंत्राला एचडीएमआय (चित्र आणि आवाजाची केबल जोडण्याची जागा) असेल तर ‘इन’ आणि ‘आउट’ यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे. बहुतेकांना फक्त आउट असते. इन असेल तर नशीब थोर समजा, कारण मग उद्या एखादा छोटा संगणक जोडून हाच पडदा वापरता येईल.

नवे घेताना मॉनिटर वेगळा आणि त्याच्या पाठीवरच्या १०० मिलिमीटरच्या चार भोकांवर बसणारा मिनी पीसी, अशी जोडी घ्यावी. समोरून पाहणाऱ्याला ती ऑल-इन-वनसारखीच दिसते. मॉनिटर उंची कमीजास्त करता येणारा निवडावा, म्हणजे मानेचाही प्रश्न सुटतो.

शेवंती

मला वर दिलेला सल्ला अर्धवट वाटतो. मिनी पीसीबरोबर कॅमेरा, माइक आणि बहुधा स्पीकरही वेगळे घ्यावे लागतात, हे तिसरा_मजला यांनी सांगितलेच नाही. माझी आई चिपळूणला एकटी राहते आणि तिचे वय ७८ आहे. तिच्याकडे आधी टॉवर होता. आवाज येत नाही, चित्र येत नाही अशा तक्रारी आल्या की कोणती वायर निघाली आहे हे मी फोनवरून शोधत बसायचे. ऑल-इन-वन आणल्यापासून एक वायर, एक बटण आणि कॅमेरा नेहमी जागच्या जागी, असे झाले आहे. ज्याला यंत्राशी खेळायचे नसून फक्त ते वापरायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही सोय म्हणजे थोडे पैसे जास्त मोजण्याजोगी गोष्ट आहे.

जोखीम मीही पाहिली आहे. हमी संपल्यानंतर चार महिन्यांनी पडद्यावर उभ्या रेघा आल्या आणि सेवा केंद्राने काच व पॅनेल एकत्रच बदलावे लागेल असे सांगून यंत्राच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च सांगितला. म्हणून काका, नवे घेतलेच तर वाढीव हमी त्याच दिवशी घ्या आणि रॅमची पट्टी नंतर बदलता येते की ती बोर्डावर डाखलेली आहे, हे लेखी विचारा. आणखी एक गोष्ट म्हणजे लॅपटॉपसारखी बॅटरी यात नसते, त्यामुळे आपल्याकडे वीज जाते तेव्हा हा धाडकन बंद पडतो. मात्र तो वीज कमी खात असल्याने ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर, बॅटरी नवी असेल तर, माझा अनुभव अर्ध्या तासाचा आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचा आभारी आहे. टास्क मॅनेजर पाहिला. डिस्कचा आकडा पाऊण तास १०० वरून हलला नाही. शनिवारी वाईतल्या एका तरुण मेकॅनिककडे यंत्र नेले. त्याने डिस्क तपासली तेव्हा तिच्यात खराब सेक्टर (वाचता न येणारे भाग) निघाले, म्हणजे प्रश्न नुसत्या मंदपणाचा नव्हता आणि मोडी कागदांची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. सुदैवाने ३४ फायली वगळता सगळे उतरले, आणि त्यांचे मूळ कागद कपाटात आहेत.

५०० जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम बसवली. आता गॅसवर पाणी तापायच्या आत यंत्र उभे राहते. वाढीव अद्यतनांची नोंदणी केली आहे. एचडीएमआयवर ‘आउट’ असेच लिहिलेले निघाले, त्यामुळे पडद्याची आशा सोडली. पुढच्या खरेदीबद्दल मी तिसरा_मजला यांच्या बाजूला झुकलो आहे, परंतु सौभाग्यवतींचे मत शेवंतीताईंच्या बाजूने आहे आणि टेबल तिच्या शिवणयंत्राशेजारी असल्याने वायरींबाबत शेवटचा शब्द तिचाच असतो. मानेसाठी तूर्त यंत्राखाली जेवणाचा एक पाट सरकवला आहे.

पेचकस यांना एक विचारायचे आहे. माझे २०१२ पूर्वीचे लेखन श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. यावर काही उपाय आहे का, की एकेक फाइल हातानेच तपासावी लागेल?

पेचकस

रूपांतरक बदलून पाहा. आपली फाइल श्रीलिपीच्या नेमक्या कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते न कळवता रूपांतर केले की हाच गोंधळ होतो, कारण त्यातल्या सगळ्या फॉन्टांची अक्षरमांडणी एकच नसते. आधी फॉन्टचे नाव वर्डमध्ये पाहून ठेवा. तरीही रफाराच्या चुका थोड्या राहतातच, त्या ‘शोधा आणि बदला’ वापरून शब्दागणिक काढाव्या लागतात. मूळ फायली मात्र पुसू नका.